वीट उचलण्याआधी जमीन कुणाची ते विचारा

मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेण्यांना गेलेल्यांना विसापूर किल्ल्याच्या पायथ्याचे पाटण गाव माहीत असेल. २००६ साली, दिवाळी उरकल्यावर, या गावात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन आले आणि काही दिवस हातात हातोडी-थापी घेऊन राबले. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. सोबत देशोदेशीचे आणि भारतातले मिळून दोन हजारांच्या आसपास स्वयंसेवक. बेत होता शंभर कुटुंबांसाठी शंभर घरांचा. सिनेमाच्या चित्रीकरणासाठी पुण्यात असलेला ब्रॅड पिटही येऊन हातभार लावून गेला, आणि साहजिकच चर्चा त्याचीच जास्त झाली.

त्या वेळी आपण घर घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. परदेशातून लोक येणार, भिंत बांधणार, फोटो काढणार आणि विमानाने परत जाणार. आज आपल्या वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेली पहिली-दुसरी पिढी दुसऱ्या बाजूला उभी राहू लागली आहे. पुण्या-नागपुरातल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारी मुले-मुली, जर्मनी-इंग्लंडमध्ये शिष्यवृत्तीवर शिकणारे विद्यार्थी, बुद्धविहारांतल्या युवक मंडळांचे कार्यकर्ते यांच्या मोबाइलवर आता अशी पोस्टर येतात: अमुक देशात चला, दहा दिवस, गरजू कुटुंबासाठी घर बांधा, अनुभवाची गरज नाही, शुल्क इतके. नेपाळ जवळ आहे, भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि लुंबिनी वाटेवरच आहे. त्यामुळे सर्वांत जास्त ओढ नेपाळची. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या मंडाले-सगाईंग भागात भूकंप झाला, तेव्हाही आपल्या अनेक गटांत 'आपण जाऊया का?' असा प्रश्न फिरला.

ही ओढ चांगलीच आहे. बाबासाहेबांनी दिलेला धम्म जातीच्या आणि देशाच्या कुंपणात मावणारा नाही, आणि शेजारच्या देशातल्या माणसाचे घर पडले म्हणून ज्याला झोप लागत नाही तो तरुण आपल्या चळवळीला हवाच आहे. पण त्या पोस्टरवरची एक ओळ मला टोचते: अनुभवाची गरज नाही. आपल्याच वस्त्यांतले किती तरी लोक रोज सकाळी मजूर नाक्यावर उभे राहतात. स्लॅब ओतणारे, सळई बांधणारे, प्लास्टर करणारे, मालाच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या बायका. घर कसे उभे राहते हे त्यांच्याइतके कुणाला कळते? त्यांना मात्र हे पोस्टर कुणी पाठवत नाही, कारण ते शुल्क भरू शकत नाहीत. ज्याला वीट रचता येत नाही तो पैसे भरून बांधायला जातो, आणि ज्याला येते तो नाक्यावरच राहतो. या व्यवहारात घर बांधणे हा मुख्य हेतू नाही, एवढे तरी यावरून कळायला हरकत नाही.

मग हेतू काय असतो? थोडे मागे जाऊन पाहू. दुसऱ्या देशात जाऊन लोकांची घरे बांधून द्यायची ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर आकाराला आली. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने वर्दूनच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच गावात छोटी तुकडी नेली. विशेष म्हणजे त्या तुकडीत जर्मनही होते. कालच्या शत्रूने येऊन फ्रेंच शेतकऱ्याचे घर उभे करायचे, हाच त्या शिबिराचा अर्थ होता. काही महिन्यांतच विरोध झाला, जर्मन नकोत म्हटले गेले आणि तुकडीला गाव सोडावे लागले. पण त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार आणि नेपाळ उद्ध्वस्त केले, तेव्हा हाच सेरेसोल साथीदारांसह उत्तर बिहारमध्ये आला आणि १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन तिथल्या गावांच्या पुनर्वसनाच्या कामात राबला. (गांधींनी या भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि टागोरांनी त्यांना जाहीर हरकत घेतली, तो हाच भूकंप.) सेरेसोलचा हेतू युरोपात शत्रुत्व मोडण्याचा होता, घर हे त्याचे निमित्त होते, आणि त्याने ते कधी लपवले नाही.

कार्टर ज्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेसाठी राबत, तिची मुळे वेगळी आहेत आणि आपल्या दृष्टीने जास्त मोलाची. संस्था १९७६ सालची. पण तिचा उगम अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कॉइनोनिया नावाच्या शेतात आहे. १९४२ साली तिथे काही ख्रिस्ती कुटुंबांनी काळे आणि गोरे एकत्र राहतील, एका पंगतीला जेवतील अशी वसाहत वसवली. त्या काळच्या दक्षिणेत हे म्हणजे आपल्या गावात सवर्ण आणि महारांनी एका पाणवठ्यावर येण्यासारखे होते. आसपासच्या गोऱ्यांनी बहिष्कार टाकला, गोळीबार केले. १९६८ नंतर या मंडळींनी शेजारच्या काळ्या कूळ कुटुंबांसाठी घरे बांधायचे ठरवले, आणि सगळ्यांत आधी काय केले तर आपल्या शेतातून अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले. मग बिनव्याजी हप्ते ठरले, मग घरे. आधी जमीन, मग कर्ज, मग भिंत, असा तो क्रम होता. आजच्या पोस्टरवर त्यातली फक्त भिंत उरली आहे.

भिंतीचा हिशेबही एकदा मांडायला हवा. १९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस होंडुरासला मिच चक्रीवादळाने झोडपले. घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चच्या तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. काही वर्षांनी कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने, जो स्वतः त्याच धर्मपरंपरेतला होता, या घरांचा पाठपुरावा केला. परदेशी तुकडीने बांधलेले घर विमानभाडे धरून साधारण ३०,००० डॉलरला पडले होते. स्थानिक संस्थेने स्थानिक गवंड्यांकडून बांधून घेतलेले घर साधारण २,००० डॉलरला. घर कुणी बांधले याने त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात काही फरक पडलेला त्याला दिसला नाही. आलेल्या तुकड्यांना लोक मनापासून चांगले म्हणत होते, पण त्याच पैशांत जास्त घरे झाली असती तर बरे, असेही सांगत होते. एका घराच्या खर्चात पंधरा घरे, असा तो फरक आहे.

आपल्या बाबतीत विमानभाडे तेवढे नाही, हे खरे. तरी हिशेब करून पाहा. समजा, दहा जणांचा गट नेपाळला निघाला आणि प्रवास, राहणे, शुल्क मिळून माणशी चाळीस हजार रुपये लागले. झाले चार लाख. म्हणजे सहा लाख चाळीस हजार नेपाळी रुपये. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने एका कुटुंबाला नवे घर बांधायला दिलेले अनुदान होते तीन लाख नेपाळी रुपये. म्हणजे आपला गट दहा दिवसांत एका घराच्या दोन-तीन भिंती अर्ध्या-मुर्ध्या उभ्या करून येतो, तेवढ्या पैशांत दोन कुटुंबांचे पूर्ण अनुदान निघते. शिवाय तिथल्या गवंड्याला रोजगार मिळतो. आपण फुकट राबलो म्हणजे कुणाचा तरी रोज बुडाला, हेही विसरता येत नाही.

पण पैशांचा हा हिशेब पुरेसा नाही. माझ्या मते खरा मुद्दा पुढेच आहे, आणि तो नेपाळमध्ये सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराच्या सुमारास नेपाळ ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली, अडीच लाखांवर घरांना तडे गेले. दगड-मातीची ती डोंगरी घरे होती. एवढी घरे कोणतीही स्वयंसेवी तुकडी बांधू शकत नव्हती आणि सरकारनेही स्वतः बांधायची ठरवली नाहीत. पुनर्निर्माण प्राधिकरण नेमले गेले आणि घरमालकानेच आपले घर बांधायचे, सरकारने पैसे आणि तांत्रिक सल्ला द्यायचा, अशी पद्धत ठरली. पैसे तीन हप्त्यांत: आधी पन्नास हजार, पाया व्यवस्थित झाला की दीड लाख, मग उरलेले एक लाख. प्रत्येक टप्प्यावर अभियंता येऊन पाहणार, भूकंपरोधक पट्टे घातलेत का, कोपरे बांधलेत का. तरुण पुरुष आखातात आणि मलेशियात मजुरीला गेलेले, त्यामुळे गवंड्यांचा तुटवडा होता. हजारो नव्या गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांत बायकाही होत्या. कामाला उशीर झाला, भ्रष्टाचाराच्या तक्रारी झाल्या, पण काही वर्षांत बहुतांश घरे उभी राहिली. जगभरात आपत्तीनंतरच्या घरबांधणीचे हे एक मोठे उदाहरण मानले जाते.

मग अडले कोण? ज्यांच्याकडे लालपुर्जा नव्हता ते. लालपुर्जा म्हणजे नेपाळमधला जमिनीच्या मालकीचा कागद, आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा. अनुदानाचा करार करायचा तर घर ज्या जमिनीवर उभे राहणार ती आपली असल्याचे दाखवायला हवे. डोंगरातल्या दलितांची, म्हणजे लोहारकाम करणाऱ्या कामींची, शिवणकाम करणाऱ्या दमाईंची, चामड्याचे काम करणाऱ्या सार्कींची घरे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर, नाही तर सरकारी पड जमिनीवर, उताराच्या किंवा ओढ्याच्या कडेला. वरच्या जातीच्या घरमालकाचे घर पडले तर त्याला अनुदान. त्याच्याच जमिनीवर राहून त्याचे विळे-कोयते घडवणाऱ्या कामीचे घर पडले, तर त्याला आधी कागद आणावा लागणार. पुढे भूमिहीनांसाठी जागा घ्यायला वेगळी तरतूद केली गेली, पण तोवर इतरांची घरे छपरापर्यंत आली होती.

यातला सगळ्यांत बोचणारा भाग असा की, भूकंपानंतर पाचच महिन्यांनी, २० सप्टेंबर २०१५ रोजी, नेपाळचे नवे संविधान लागू झाले. त्याच्या चाळिसाव्या कलमात दलितांचे हक्क आहेत, आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की भूमिहीन दलितांना राज्य एकदा जमीन देईल आणि बेघर दलितांच्या वस्तीची व्यवस्था करील. जमिनीचा असा हक्क, थेट मूलभूत हक्कांमध्ये, आपल्या संविधानातही नाही. एकीकडे संविधान म्हणते जमीन देऊ, दुसरीकडे अनुदानाचा कारकून म्हणतो जमिनीचा कागद दाखवा. या दोन वाक्यांच्या मध्ये जो माणूस पत्र्याखाली बसला होता, त्याच्यासाठी भिंत बांधायला आलेल्या परदेशी तुकडीचा काय उपयोग? तुकडी तर जिथे जमिनीचा प्रश्न मिटला आहे तिथेच जाते. तिला दहा दिवसांत काम दाखवायचे असते. वादाची जागा तिला परवडत नाही. म्हणून मदत करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतानाही मदत आपोआप वरच्या आळीकडून सुरू होते आणि खालच्या टोलापर्यंत पोहोचेस्तोवर पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात.

हे फक्त नेपाळचे नाही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीसाठी अमेरिकन रेडक्रॉसने जवळपास पन्नास कोटी डॉलर गोळा केले. २०१५ साली अमेरिकी पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा संस्थेने स्वतः बांधलेली कायमची घरे निघाली सहा. संस्थेने हिशेबावर आक्षेप घेतला, तात्पुरते निवारे आणि दुरुस्त्या मोजा असे सांगितले, आणि अडचण कसली म्हणून विचारल्यावर जे कारण पुढे आले त्यात जमिनीच्या मालकीचा गोंधळ होताच.

आणि दूर कशाला जायचे? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. तिथे घराचा आकार कशावरून ठरला? जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी अल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूकंपाने सगळ्यांना एकाच रात्री एकाच मातीत आणले होते, पुनर्वसनाच्या आराखड्याने त्यांना पुन्हा मोजून वेगळे केले. लातूर-धाराशिवच्या त्या गावांत भूमिहीन म्हणजे बहुतकरून कोण, हे या वाचकांना सांगायला नको. देशातून आणि परदेशातून आलेल्या देणगीदारांनी ती घरे बांधली, पाट्या लावल्या, उद्घाटने झाली. २५० फुटांच्या घरापुढे उभे राहून 'असे का?' असे विचारणारे त्यांच्यात थोडेच होते.

किल्लारीची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. त्या ५२ गावांखेरीज हजारावर गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. तिथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात गेले आणि गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून बायका नेमल्या गेल्या. कोणता हप्ता कधी मिळणार, सिमेंट कुठून आणायचे, अभियंता आला नाही तर कुणाला गाठायचे, हे सगळे त्या सांगायच्या. मालकानेच बांधायचे हीच रीत पुढे २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत आणि मग नेपाळमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. म्हणजे नेपाळला देण्यासारखे मराठवाड्याकडे काही आहे, आणि ते दहा दिवसांची अननुभवी मजुरी नक्कीच नाही.

आपल्या चळवळीला हा क्रम नवा नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला, तेव्हा मागणी घराची नव्हती, जमिनीची होती. लाखो माणसे तुरुंगात गेली. आजही रमाई आवासचे घरकुल मंजूर होऊन जागेवाचून अडलेली कुटुंबे आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. घरकुल आहे, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव नाही. किंवा नाव आहे, पण जागा गायरान. हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला नेपाळमधल्या सार्की टोलात पाय ठेवल्यावर तिथले दुखणे कुणी समजावून सांगावे लागत नाही. लंडन-सिडनीहून आलेल्या स्वयंसेवकाला ते दिसायला तीन महिने लागतील. आपल्या पोराला तीन तासांत दिसेल. आपण जाण्याला अर्थ आहे तो इथे.

म्हणून 'जाऊच नका, पैसे पाठवा' असे मी म्हणणार नाही. पैसे पाठवून मोकळे होणे ही सुद्धा एक पळवाट आहे. शिवाय माणूस माणसाकडे जातो तेव्हा काही घडते, ते बँकेच्या हस्तांतरणात घडत नाही. १९५८ साली श्रीलंकेत कोलंबोच्या नालंदा कॉलेजातले शिक्षक ए. टी. अरियरत्ने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनातोलुवा या गावी गेले. गाव रोडी जातीचे. श्रीलंकेत बौद्ध धर्म असूनही जात आहे, आणि तिथे रोडी म्हणजे सगळ्यांत खालचे, ज्यांच्या हातचे कुणी घेत नसे. त्या मुलांनी तिथे मुक्काम केला, त्यांच्याबरोबर श्रमदान केले, त्यांच्याबरोबर जेवले. त्यातून पुढे सर्वोदय श्रमदान चळवळ वाढली. तिच्यावरचा गांधी-विनोबांचा प्रभाव आपल्याला खटकू शकतो, मलाही खटकतो, आणि जातीच्या प्रश्नावर ती पुढे किती टिकली हा वेगळा वाद आहे. पण ते पहिले शिबिर योग्य दारात गेले होते. कोणत्या गावात जायचे, हे ठरवतानाच त्यांनी अर्धे काम केले होते.

तैवानमध्ये भिक्षुणी चेंग येन यांनी १९६६ साली स्थापन केलेल्या त्झु ची या बौद्ध संस्थेचे फिलिपिन्समधले कामही पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात हैयान वादळाने टॅक्लोबान शहराचा चिखल करून टाकला. संस्थेचे स्वयंसेवक आले, पण त्यांनी स्वतःच घमेली उचलत बसण्याऐवजी घर गमावलेल्या लोकांनाच दिवसाला पाचशे पेसो देऊन शहर साफ करायला लावले. हजारो लोक रोज कामावर आले. रस्ते मोकळे झाले आणि लोकांच्या हातात पैसे आले, त्यामुळे बाजारही उघडला. दान घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी मजुरी घेणारा झाला. अशा कामात पाहुण्याचा वीट उचलतानाचा फोटो मिळत नाही, एवढेच काय ते नुकसान.

अलीकडच्या वर्षांत याच संस्थेचे मलेशिया-सिंगापूरचे उपासक बोधगयेच्या परिसरात येऊन राहत आहेत आणि तिथल्या गरीब कुटुंबांच्या घरांच्या कामातही उतरले आहेत. महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनाच्या प्रश्नावर १२ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे उपोषण-आंदोलन सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातून गाड्या भरभरून कार्यकर्ते गेले, आणि जायलाच हवे होते. पण महाविहाराच्या भिंतीपलीकडच्या टोल्यांत किती जण फिरले? ज्या गावांतल्या लोकांनी उद्या या मागणीच्या पाठीशी उभे राहायला हवे, त्यांच्या घराच्या कागदाची चौकशी क्वालालंपूरहून आलेला माणूस करतो आहे. युवक मंडळांच्या पुढच्या बैठकीत यावर बोलायला हवे.

परदेशी जाणाऱ्यांकडे परत येतो. कोणत्याही संस्थेचे निमंत्रण आले, की शुल्क भरण्याआधी पत्र लिहून विचारावे: लाभार्थ्यांची यादी कुणी केली? गावातल्या दलित, आदिवासी, एकट्या बायका यांच्यापैकी किती जण यादीत आहेत, आणि नसतील तर कशामुळे वगळले? घराची जागा कुणाच्या नावावर आहे, नवऱ्याच्या की दोघांच्या? आमच्या शुल्कातले किती पैसे त्या गावात खर्च होणार? स्थानिक गवंड्याला रोज मिळणार की आमच्यामुळे त्याची सुट्टी होणार? ज्या संस्थेला हे प्रश्न आवडतात तिच्याबरोबर जावे. जी 'तुम्ही फक्त या, बाकी आम्ही पाहतो' म्हणते, तिच्याकडे सहल म्हणून पाहावे आणि सहलीला जायचे असेल तर खुशाल जावे. धर्माचाही प्रश्न आडवा आणू नये. हॅबिटॅट ख्रिस्ती प्रेरणेची आहे, पण तिची बिनव्याजी हप्त्यांची आणि कुटुंबाने स्वतः राबण्याची रीत आपल्या स्वाभिमानाच्या कल्पनेला धरून आहे. उलट एखादी संस्था बौद्ध आहे म्हणून तिची यादी न पाहता मान डोलवावी, असेही नाही.

म्यानमारबाबत मात्र घाई नको. २०२१ पासून तिथे लष्कराची सत्ता आहे, भूकंपग्रस्त सगाईंगमध्ये लढाई चालू आहे, आणि बाहेरून गेलेली मदत कुणाच्या हातात पडते हाच वादाचा विषय आहे. तिथे हौशी तुकडी नेणे म्हणजे स्थानिक लोकांवर आणखी एक ओझे टाकणे.

नेपाळचे तसे नाही. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळमधल्या जाजरकोट आणि रुकुम पश्चिम या जिल्ह्यांत भूकंप झाला, दीडशेवर माणसे गेली. काठमांडूपासून दूरचा हा भाग २०१५ एवढा जगाच्या नजरेत कधी आलाच नाही. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सरकारने पन्नास हजार नेपाळी रुपये दिले आणि कित्येक कुटुंबांनी त्याच पत्र्याखाली एकापेक्षा जास्त हिवाळे काढले. दलितांची संख्या या भागात मोठी आहे आणि लालपुर्ज्याचा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा आहे.

नागपूर, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मंडळाला खरेच जायचे असेल, तर माझी सूचना अशी: दहा पदवीधरांऐवजी सहा जणच जा, पण त्यांत मजूर नाक्यावरचे दोन पक्के गवंडी असू द्या, एक सिव्हिल इंजिनिअर, एक जमिनीची प्रकरणे चालवणारा वकील, आणि लातूर-धाराशिवकडची, संवाद सहायक म्हणून काम केलेली एखादी बाई मिळाली तर तिला आग्रह करून न्या. गवंड्यांचा बुडणारा रोज आणि प्रवासखर्च मंडळाने द्यावा. फेमिनिस्ट दलित ऑर्गनायझेशनसारख्या तिथल्या दलित संघटनांशी दोन महिने आधी बोलून घ्या आणि गाव त्यांना ठरवू द्या. दसरा-दिवाळीनंतर, म्हणजे त्यांच्याकडचे दसैं-तिहार संपल्यावर, पाऊस ओसरलेला असतो आणि बांधकामे सुरू होतात. बहराइचमार्गे रुपईडिहाची सीमा ओलांडली की नेपाळगंज, तिथून सुर्खेतवरून जाजरकोट. रस्ता खराब आहे, दोन दिवस धरून चाला. तिथे पोहोचल्यावर पहिला आठवडा भिंतीला हात लावू नका. टोलातल्या घरोघर बसा, कुणाकडे कोणता कागद आहे आणि कुणाकडे नाही त्याची यादी त्यांच्याच एखाद्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या, आणि ती यादी घेऊन त्यांच्याबरोबर पालिकेच्या कार्यालयात जा.